जलाशयातील मासेमारी : साधने व सुरक्षितता

धरण किंवा बंधारा घालून अडविलेल्या गोड्या पाण्यातून मासे पकडण्याच्या व्यवसायास जलाशयातील मासेमारी म्हणतात. नदीतील मासेमारी वाहत्या व बहुधा उथळ पाण्यात चालते. समुद्रातील मासेमारी भरती-ओहोटीचा नियम पाळते. जलाशयाचे पाणी मात्र वरून स्थिर दिसत असले, तरी त्याची खोली, विस्तार व काठ ही वर्षभर बदलत असतात. पावसाळ्याच्या अखेरीस जेथे चार पुरुष पाणी असते, तेथे वैशाखात कोरडा गाळ दिसतो. या व्यवसायातील बहुतेक अपघात पृष्ठभागावरून खालच्या स्थितीचा अंदाज बांधल्यामुळे होतात. म्हणून मासे पकडण्याची साधने व सुखरूप परत येण्याची साधने ही एकाच सज्जतेची दोन अंगे मानावी लागतात. व्यवहारात पहिल्या अंगावर खर्च होतो आणि दुसरे मागे राहते. प्रस्तुत नोंदीत या दोन्हींचा विचार मुख्यत्वे बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात केला आहे.

जलाशय व त्यांचे स्वरूप : पश्चिम विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे दोन नैसर्गिक भाग पडतात. उत्तरेकडील पूर्णा नदीचे सखल खोरे तापीच्या खोऱ्यात मोडते, तर दक्षिणेकडील घाटमाथ्यावरील पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीस मिळते. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने व नद्या उन्हाळ्यात आटत असल्याने जिल्ह्यातील मासेमारी प्रामुख्याने साठविलेल्या पाण्यावरच अवलंबून आहे. मोताळा तालुक्यातील नळगंगा, मेहकर तालुक्यातील पैनगंगेवरील पेनटाकळी आणि देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा हे जिल्ह्यातील तीन मोठे प्रकल्प होत. यांपैकी खडकपूर्णेचा जलाशय ‘संत चोखामेळा सागर’ या नावाने ओळखला जातो. ज्ञानगंगा, पलढग, मस, कोराडी, मन, तोरणा व उतावळी हे मध्यम प्रकल्प असून त्यांखेरीज अनेक लघुतलाव व पाझर तलाव आहेत. पूर्णा नदीवरील जिगाव हा मोठा प्रकल्प पूर्ण झाल्यावर उत्तरेकडील सखल भागात आणखी एक विस्तीर्ण जलाशय निर्माण होईल. जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध सरोवर म्हणजे लोणार. मात्र अशनिपाताने बनलेल्या या सरोवराचे पाणी अतिशय खारट व क्षारीय असल्याने त्यात मासे जगत नाहीत व तेथे मासेमारीचा प्रश्नच येत नाही.

जलाशयाचा तळ म्हणजे पूर्वीची वसती व शेतजमीन होय. तेथे जुनी नदीपात्रे, बांध, बाभळीची खोडे, विहिरी आणि स्थलांतरित गावठाणांच्या पडक्या भिंती पाण्याखाली गेलेल्या असतात. जलाशय भरलेला असताना यांचा उपद्रव कमी असतो. पाणी उतरू लागले की त्या पृष्ठभागाजवळ येतात, परंतु गढूळपणामुळे दिसत नाहीत. अलीकडच्या काळात त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. राज्यात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी तलाव व नाले यांतील माती-मुरूम काढून त्यांची साठवणक्षमता वाढविण्याची पद्धत तर ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. यामुळे पाणीसाठा वाढला, हा लाभ मोठाच आहे. परंतु यंत्राने खोदलेल्या खड्ड्याचा काठ नैसर्गिक तळासारखा उतरता नसून उभा असतो. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला डोक्याहून खोल पाण्यात जाऊ शकतो. त्यामुळे मागील वर्षीच्या अनुभवावर विसंबून पाण्यात उतरणे धोक्याचे ठरते. खोदकाम झालेल्या जागा पाणी भरण्यापूर्वीच पाहून काठावर खुणा करणे, हा यावरील सोपा उपाय होय.

मासे व हंगाम : या जलाशयांत रोहू, कटला व मृगळ या प्रमुख कार्प जातींचे बीज सोडण्यात येते. त्यांशिवाय सायप्रिनस, तिलापिया, मरळ, वाम, शिंगाळा व झिंगे हेही जाळ्यात सापडतात. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे असून साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाच्या अंतःक्षेपणाने कार्प माशांचे प्रजनन यशस्वीपणे घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागले व जलाशयातील मासेमारीस आजचे स्वरूप आले.

बीज पावसाळ्यात सोडले जाते. दिवाळीनंतर पाणी निवळू लागले की मासेमारीस वेग येतो आणि पाणी आटत जाते तसे मासे थोड्या क्षेत्रात एकवटल्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात उत्पन्न वाढते. परंतु याच काळात उघडा पडलेला गाळ, पृष्ठभागाजवळ आलेले अडथळे आणि वळवाची वादळे हे तीनही धोके एकत्र येतात. अधिक मिळकतीचा काळ व अधिक जोखमीचा काळ एकच असणे, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य होय.

जाळी व गळ : पूर्वी जाळी सुती किंवा तागाच्या दोऱ्याची असत व ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या तुरट सालींच्या काढ्यात बुडवून वाळवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचा प्रसार झाला आणि ही पद्धत मागे पडली. एकेरी नायलॉन तंतूस बोलीत ‘तंगूस’ म्हणतात. तो पाण्यात जवळजवळ अदृश्य असतो, कुजत नाही व लवकर तुटत नाही. हे गुण मासे पकडण्यास उपयुक्त असले, तरी त्यात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने तेच घातक होत.

जलाशयात सर्वाधिक वापर फासाच्या जाळ्याचा होतो. हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. वरच्या दोरास तरंगे व खालच्या दोरास वजने बांधलेली असतात. मासा आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, डोके घालतो. परंतु शरीराचा जाड भाग अडकतो आणि मागे सरताना कल्ले दोऱ्यात गुंततात. आसाचे माप जाळे ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. आस लहान ठेवल्यास अंडी न घातलेले व पुरती वाढ न झालेले मासे पकडले जातात आणि पुढील वर्षाचे उत्पन्न घटते. संध्याकाळी जाळे लावून पहाटे ते उचलण्याची पद्धत आहे. त्यामुळे कामाचे दोन्ही भाग अपुऱ्या प्रकाशात पार पडतात.

फेकजाळे गोल असून त्याच्या घेरास शिशाच्या गोळ्या असतात. मच्छीमार ते खांद्यावर व कोपरावर घेऊन गिरकीसरशी फेकतो. ते पाण्यावर छत्रीसारखे पसरून तळाशी जाते व दोर ओढताच मिटते. जाळ्याचा दोर मनगटास बांधलेला असल्याने जाळे बुडालेल्या खोडात अडकले किंवा फेकणाऱ्याचा तोल गेला, तर दोर चटकन सोडविता आला पाहिजे. म्हणून पक्क्या गाठीऐवजी एका हिसड्यात सुटणारा सरकफास घालणे योग्य ठरते. ओढजाळे लांब असून ते दोन्ही टोकांकडून माणसांच्या दोन फळ्या काठाकडे ओढीत आणतात. ते आटत्या व साफ तळाच्या पाण्यात उपयोगी पडते. यांखेरीज गांडूळ, कणकेच्या गोळ्या किंवा लहान मासे ही आमिषे लावून गळ टाकतात. एका लांब दोरास ठरावीक अंतरावर अनेक गळ बांधूनही मासे पकडतात; त्यासाठी विशेषतः मरळ, शिंगाळा यांसारख्या मांसाहारी माशांचा विचार केला जातो.

तरंगसाधने : ज्या काळी धरणे नव्हती त्या काळी नदीच्या डोहात जाण्यासाठी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड वापरीत. मासेमारी, नावा चालविणे व पालखी वाहणे हे व्यवसाय परंपरेने करणाऱ्या भोई समाजास हे साधन परिचित होते. पुढे लाकडी होड्या आल्या. आता काही ठिकाणी काचतंतूच्या होड्या दिसतात. तथापि लहान मच्छीमार मुख्यतः मोटारीच्या चाकातील हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात. या साधनांची किंमत कमी असते व ती एकट्याने उचलून नेता येतात, म्हणून ती लोकप्रिय आहेत.

तराफा किती भार पेलेल याचा हिशेब सोपा आहे. तरंगणाऱ्या वस्तूने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या एकूण वजनाइतके असते. प्रत्येक बाजू ३० सेंमी. असलेल्या थर्मोकोलच्या ठोकळ्याचे घनफळ २७ लिटर असते; तो पूर्ण बुडाला, तर स्वतःचे अल्प वजन वजा जाता सु. २६ किग्रॅ. भार पेलतो. माणसाचे वजन ७० किग्रॅ., ओल्या जाळ्याचे १५ किग्रॅ. व माशांचे २० किग्रॅ. धरले, तर १०५ किग्रॅ. भारासाठी असे चार ठोकळे पूर्णपणे बुडतील आणि लाट आली की तराफा तिच्याखाली जाईल. निम्मा तराफा पाण्याबाहेर राहावयाचा असेल, तर आठ ठोकळे हवेत. सारांश, हिशेबाने येणाऱ्या आकाराच्या दुप्पट आकार हे किमान प्रमाण मानावे. निघताना तराफा पुरेसा वाटतो, कारण त्या वेळी जाळे कोरडे असते व मासे नसतात; परतताना दोन्हींचे वजन वाढलेले असते. थर्मोकोल सहज तुटतो, म्हणून तो जाड कापडात किंवा जुन्या जाळ्यात घट्ट आवळून बांधतात. तो पेट्रोलमध्ये विरघळतो, त्यामुळे इंजिनाच्या इंधनाशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. ट्यूबला बाभळीचा काटा किंवा शिंगाळ्याचा काटेरी पर लागल्यास ती बसते. तेव्हा एकाच ट्यूबवर विसंबण्याऐवजी दोन स्वतंत्र ट्यूब एकत्र बांधणे इष्ट.

गोठलेल्या तळ्यांवरील मासेमारी : जलाशयातील धोक्यांचे स्वरूप समजण्यासाठी शीत प्रदेशांतील एका व्यवसायाशी तुलना उपयुक्त ठरते. फिनलंड, रशिया, कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटासारखी राज्ये यांत हिवाळ्यात तळी गोठतात. पाण्याची घनता सु. ४° से. तापमानास सर्वाधिक असते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते व गोठते. म्हणून बर्फ पृष्ठभागावर साचतो, खालील पाणी द्रवरूप राहते आणि मासे जिवंत राहतात. मच्छीमार मोठ्या गिरमिटाने बर्फास भोक पाडून आखूड काठीने गळ सोडतात. मासा लागला की निशाण वर करणारी साधी यंत्रणाही वापरतात. साहित्य ढकलगाडीवरून ओढीत नेतात व वाऱ्यापासून बचावासाठी लहान तंबू किंवा खोपी उभारतात. बंद खोपीत शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून वायुवीजन ठेवावे लागते.

बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी त्याची जाडी मोजणे हा तेथील पहिला नियम होय. चालत जाणाऱ्या माणसासाठी स्वच्छ, नवा व घट्ट बर्फ निदान १० सेंमी. जाड असावा लागतो. पांढरट, हिममिश्रित बर्फाची मजबुती कमी असल्याने तो सु. दुप्पट जाड हवा. एका जागी मोजलेली जाडी काही पावलांवर लागू पडेलच असे नाही, कारण झरे, प्रवाह व बुडालेले ओंडके यांच्याजवळ बर्फ पातळ राहतो. म्हणून पहारीने पुढची जागा ठोकीत चालतात. गळ्यात दोरीने जोडलेले दोन टोकदार खिळे बाळगतात. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडल्यास ते बर्फात रोवून तो स्वतःस वर ओढतो आणि वर आल्यावर उभा न राहता, वजन पसरावे म्हणून लोळत दूर जातो. फेब्रुवारी २००९ मध्ये ईरी सरोवरावर वाऱ्यामुळे बर्फाचा मोठा थर किनाऱ्यापासून तुटला व शंभराहून अधिक मच्छीमार त्यावर अडकले. त्यांची सुटका करावी लागली व एकाचा मृत्यू झाला. त्या वेळी बर्फ जाड होता, परंतु वाऱ्याचा विचार झालेला नव्हता.

बुलढाण्यातील जलाशय कधीही गोठत नाहीत. तथापि वरून घट्ट दिसणारे व खाली पोकळ असलेले कवच येथेही असते आणि ते गाळाचे असते.

प्रमुख धोके : (१) गाळ : येथील काळी माती पाणी शोषून फुगते व वाळताना आकसून भेगाळते. जलाशय उतरू लागला की काठावरील गाळ उन्हाने वरून वाळतो व त्यावर तडकलेली पपडी बनते. तिच्याखालचा गाळ मात्र अनेक आठवडे ओला व पातळ राहतो. पाण्याच्या कडेपर्यंत जाण्यासाठी मच्छीमारास हाच पट्टा ओलांडावा लागतो. गाळपेर शेती करणाऱ्यांस व गुरे पाण्यावर नेणाऱ्या गुराख्यांसही हा धोका असतो. पपडी फुटून पाय आत गेल्यावर तो जोराने वर ओढल्यास खाली पोकळी निर्माण होते व गाळ पायास अधिकच धरून ठेवतो. अशा वेळी धडपड न करता मागे रेलून अंगाचा भार पसरावा, पाय हळूहळू हलवून त्याभोवती पाणी शिरू द्यावे व सुटल्यावर सरपटत आलेल्या वाटेनेच परतावे. बर्फावरील पहारीचे काम येथे वेळूची काठी करते. प्रत्येक पावलापूर्वी तिने पुढची जागा दाबून पाहावी. रोजच्या वाटेवर फळ्या टाकणे अधिक चांगले.

(२) वारा व लाटा : लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा अवधी आणि त्यास मोकळे मिळणारे पाण्याचे अंतर यांवर अवलंबून असते. लांबट जलाशयात वारा लांबीच्या दिशेने वाहू लागल्यास थोड्याच वेळात लहान होडी उलटविणाऱ्या लाटा उठतात. एप्रिल ते जून या काळातील वळवाच्या ढगांतून खाली येणारे वारे अचानक सुटतात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. तराफ्यास कठडा किंवा सुकाणू नसल्याने तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. धरणाच्या भिंतीकडे वाहत गेल्यास दगडी पिचिंगवर आपटून परतणाऱ्या लाटा व शेवाळलेले दगड यांमुळे तेथे चढणे कठीण होते. क्षितिजावर काळे ढग जमणे, हवा एकाएकी पडणे व नंतर थंड झुळूक येणे या खुणा दिसताच जाळे आहे तेथेच सोडून जवळचा काठ गाठावा; स्वतःच्या गावाचा काठ गाठण्याचा आग्रह धरू नये.

(३) वीज : उघड्या पाण्यावर होडीतील माणूस हाच सर्वांत उंच बिंदू असतो. गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज पडू शकेल इतक्या अंतरावर वादळ आहे असे समजावे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी-प्रणालीवर परिसरातील विजांची पूर्वसूचना मिळते. काठावर आल्यानंतर एकट्या झाडाखाली उभे राहणे टाळावे.

(४) दरवाजे व सांडवे : धरणाचे दरवाजे उघडले असता त्यांच्या वरच्या बाजूस ओढ निर्माण होते व वल्ह्याच्या बळावर तिच्यातून बाहेर पडता येत नाही. कालव्याच्या विमोचकाजवळ पृष्ठभाग शांत असतानाही पाणी खालून ओढले जाते. सांडव्याच्या पायथ्याशी पडणारे पाणी उलटे फिरते व त्यात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा धारेखाली ओढली जाते. तेथे पाणी उथळ असूनही पोहणारा माणूस बुडू शकतो. बुलढाणा शहरास पाणी पुरविणाऱ्या पैनगंगेवरील येळगाव धरणास पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. अशा धरणाच्या खालच्या बाजूस पावसाळ्यात मासे धरण्यासाठी उतरणे विशेष धोक्याचे असते, कारण दरवाजा उघडण्याचा क्षण कोणी ठरवीत नाही. इतर धरणांवर विसर्गापूर्वी भोंगा वाजविण्यात येतो. तो ऐकताच पात्र सोडावे.

(५) जाळ्यात अडकणे : होडी उलटली की जाळेही पाण्यात पसरते व पोहणाऱ्याच्या पायांस वेढते. गुंडी, कडे, चपलेचा पट्टा यांत तंगूस अडकतो. म्हणून जाळे पायांशी न ठेवता टोपलीत ठेवावे, कपडे अंगाबरोबर असावेत आणि म्यानातील धारदार सुरी एका हाताने काढता येईल अशी कमरेस बांधावी.

(६) थंडी व थकवा : हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता अनेक पटींनी वेगाने काढून घेते. बुलढाण्यात जलाशयाचे पाणी शीत प्रदेशांइतके थंड नसते. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे छातीभर पाण्यात तासभर उभे राहून जाळे उचलल्यास बोटे बधिर होतात, पकड सुटते व निर्णय मंदावतो. उपाशी पोटी किंवा मद्यपान करून पाण्यात उतरल्यास हा परिणाम लवकर होतो. मद्याने ऊब येते हा समज चुकीचा आहे. त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीर उलट लवकर थंड होते.

सुरक्षिततेची साधने : यांत पहिले स्थान जीवरक्षक जाकिटाचे आहे. गोड्या पाण्यात माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते; डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी थोडाच जादा आधार लागतो. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० न्यूटन, म्हणजे सु. ५ किग्रॅ. आधार देणारे जाकीट पोहता येणाऱ्यांसाठी व काठाजवळच्या कामासाठी योग्य मानले आहे. १०० न्यूटनांचे जाकीट शांत पाण्यात शुद्ध हरपलेल्या माणसास सामान्यतः उताणे करून त्याचे तोंड वर ठेवते. पट्टे आवळून न बांधलेले जाकीट पाण्यात वर सरकून निघून जाते. उकाडा व हातांच्या हालचालीस होणारी अडचण ही जाकीट न घालण्याची नेहमीची कारणे होत. त्यावर बिनबाह्यांचे आखूड जाकीट हा उपाय आहे. ते होडीत ठेवून उपयोग नसतो, कारण होडी उलटल्यावर ते घालण्यास सवड मिळत नाही. पट्टीचे पोहणारे जाकीट अनावश्यक मानतात. परंतु वल्ह्याचा डोक्यास लागलेला मार, पेटका किंवा पायांत गुंतलेले जाळे यांपुढे पोहण्याचे कौशल्य चालत नाही.

यांखेरीज १५ ते २० मी. लांबीचा तरंगणारा दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा डबा, शिटी, विजेरी, जलरोधक पिशवीतील भ्रमणध्वनी, जादा वल्हे आणि पाणी उपसण्याचे भांडे एवढे साहित्य प्रत्येक होडीवर असावे. यांतील बहुतेक वस्तू घरातच मिळतात. दोन माणसांनी जोडीने जाणे व कोणत्या बाजूस जाळे लावले आहे आणि केव्हा परतणार हे काठावरील एकास सांगून जाणे, यांस काहीच खर्च नाही. परतण्याच्या वेळेनंतर शोध केव्हा सुरू करावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे.

बचाव व प्रथमोपचार : बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी एकापाठोपाठ एक उडी घेतल्याने एका अपघाताचे अनेक मृत्यू होतात. बुडणारा माणूस हाती लागेल त्यास घट्ट धरतो व वाचविणाऱ्यासही खाली नेतो. म्हणून प्रथम काठी, वेळू किंवा वल्हे पुढे करावे. ते पोचत नसेल, तर दोरास बांधलेला रिकामा डबा फेकावा. दोर नसल्यास धोतर, साडी किंवा फेटाही उपयोगी पडतो. होडीने जाणे शक्य असल्यास तसे जावे. पाण्यात उडी घेणे हा शेवटचा व केवळ तरंगसाधन हाती असलेल्या प्रशिक्षित माणसाचा मार्ग होय.

बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तीत मौल्यवान वेळ जातो व पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. श्वास बंद असल्यास त्यास उताणे निजवून, मान किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत; प्रतिसाद नसल्यास छातीच्या मध्यावर ३० वेळा दाब व नंतर २ श्वास हा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या माणसासही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचे परिणाम काही तासांनी दिसू शकतात. जाळ्यात सापडणारी दिवड बिनविषारी असते. परंतु पहाटेच्या अंधारात साप ओळखता येत नसल्याने जाळे उचलताना प्रथम विजेरीने पाहावे व कोणताही सर्पदंश झाल्यास रुग्णालय गाठावे.

संस्था, कायदा व विमा : राज्यातील जलाशयांचे मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने, मुख्यत्वे मच्छीमार सहकारी संस्थांना देण्यात येतात. संस्था बीज सोडते, सभासदांना मासेमारीची परवानगी देते व विक्रीची व्यवस्था पाहते. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा ठरले आहे. या पद्धतींनी, तसेच पाण्यात विजेचा प्रवाह सोडून मासे मारताना सर्व वयाचे मासे नष्ट होतात आणि मारणाराही हात किंवा प्राण गमावतो. अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू असतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालील सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये भरपाईची तरतूद करण्यात आली. अशा विम्यासाठी मच्छीमाराची नोंदणी आवश्यक असते. नोंद नसलेल्या, मजुरीवर जाळे ओढणाऱ्या माणसाच्या कुटुंबास अपघातानंतर तिचे महत्त्व कळते.

जाळी, बीज व होडी यांची गणना संस्था भांडवलात करते. जाकीट, दोर व सुरी यांची गणना मात्र बहुधा सभासदाच्या मर्जीवर सोडलेली असते. हंगामाच्या आरंभी जाळ्यांबरोबर जाकिटांचीही मोजणी करणे, पाणी उतरेल तसतशा खड्डे, विहिरी व गाळाच्या जागांवर काठ्या रोवून खुणा करणे आणि बुडणाऱ्यास दोर फेकण्याचा वर्षातून एकदा सराव घेणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही लहान संस्थेच्या आवाक्यातील आहेत. शीत प्रदेशात बर्फाची जाडी मोजल्याशिवाय कोणी तळ्यावर पाऊल टाकीत नाही. कारण मोजण्याची सवय तेथे मासे पकडण्याच्या कौशल्याचाच भाग मानली जाते. वेळूने तळ चाचपणे व वाऱ्याचा रोख पाहणे हे जुन्या भोयांचे ज्ञान त्याच स्वरूपाचे आहे. नायलॉनचे जाळे व थर्मोकोलचा तराफा यांमुळे आज कोणासही अल्प शिक्षणाने खोल पाण्यात जाता येते. त्यामुळे पूर्वी परंपरेने मिळणारे हे ज्ञान आता शिक्षणाने देणे आवश्यक झाले आहे.